बोक्याच्या गळ्यात घंटा

माझ्या धाकट्या बहिणीने साठीला टेकल्यावर दुसरं लग्न करायचं ठरवलं, तेव्हा विरोध करायला कोणीच पुढे आलं नाही. मी नाही, तिचा परगावी राहणारा मुलगा नाही, शेजारीपाजारीही नाहीत. विरोध झाला तो कोंबड्यांच्या नावाने. कोंबड्या स्वतः काही बोलल्या नव्हत्या, पण सगळ्या गल्लीने त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं.

त्याचं असं झालं, की नवऱ्यामुलाकडे एक बोका होता. ‘नवरामुलगा’ म्हणताना माझी जीभ अजून अडखळते, कारण मुलाच्या डोक्यावर औषधालाही केस नाही आणि गुडघे पावलापावलाला बोलतात. आम्ही सगळे त्यांना घड्याळजी म्हणतो. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वरच्या खोलीत ते आणि बोका. खोलीचा जिना शिडीइतका उभा, म्हणून लग्नानंतर त्यांनीच धाकटीकडे राहायला यायचं ठरलं. धाकटीचं घर माझ्या घराला चिकटून आहे. मधल्या भिंतीत एक दार आहे, आणि ते बंद असलेलं मी कधी पाहिलेलं नाही. तिच्या घरामागे छोटंसं अंगण आहे आणि अंगणभर कोंबड्या.

“बोका येणार नसेल, तर मलाही येता येणार नाही,” घड्याळजी पहिल्याच दिवशी फार नम्रपणे म्हणाले होते.

“कोंबड्या काढाव्या लागणार असतील, तर मला लग्न नको,” धाकटी तितक्याच नम्रपणे म्हणाली होती.

दोघंही स्वभावाने गरीब. गरीब माणसं हट्टाला पेटली की देव आठवतो, हे मला माझ्या दिवंगत नवऱ्यामुळे ठाऊक होतं.

दोघांचंही चूक नव्हतं, हे मला कबूल करावंच लागतं. घड्याळजींची बायको फार दिवस अंथरुणाला खिळून होती. तो बोका तिच्या पायाशी झोपायचा, शेवटच्या दिवसापर्यंत. ती गेल्यावर घड्याळजींनी अंथरूणच धरलं, तेव्हा हाच बोका सकाळी छातीवर बसून दुधासाठी ओरडायचा आणि त्यांना उठवायचा. त्याचं नाव साहेब. दिसायलाही साहेबच, पांढरी छाती, करडा कोट, आणि चेहऱ्यावर ‘तुमचं काम उद्या बघू’ असा भाव.

धाकटीचं दुःख वेगळं. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला. अगदी मुकी नाही झाली, पण उरली ती फक्त कुजबुज. समोरच्याने श्वास रोखला तरच ऐकू येईल अशी. तेव्हापासून जगाशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. ती माझ्या कानात सांगते आणि मी मोठ्याने बोलते. आता मी शिवणकाम करणारी बाई. दिलेलं कापड जसंच्या तसं परत करणं माझ्या हाताला माहीत नाही; थोडी काटछाट, थोडी झालर होतेच. धाकटी कुजबुजते, “दोन पाव.” मी बेकरीवाल्याला सांगते, “ती म्हणते दोन पाव द्या, आणि कालच्यासारखे करपलेले दिलेत तर तुमच्या डोक्यात घालीन.” बेकरीवाला तिच्याकडे घाबरून बघतो. एवढ्या शांत बाईच्या तोंडी अशी भाषा, याचं त्याला अजून नवल वाटतं.

पण माणसांपुरतं ठीक होतं, कोंबड्यांना दुभाषा चालत नाही. धाकटी दाणे घेऊन उभी राही, हाक मारायला जाई आणि तोंडातून हवा निघे. मी माझ्या खिडकीतून “या गं बायांनो!” म्हणून ओरडले तर त्या उलट खुराड्यात पळायच्या. तेव्हा मी तिला घेऊन घड्याळजींच्या दुकानात गेले. ते डोळ्याला भिंग लावून काहीतरी कोरत बसले होते. धाकटी नेहमीसारखं पुटपुटली. मी ते मोठ्याने सांगायला तोंड उघडलं, तोच ते मान वर न करता म्हणाले, “कोंबड्यांसाठी घंटी? किती लांब ऐकू जायला हवी?”

मी तोंड उघडं ठेवूनच उभी राहिले. सगळं आयुष्य मनगटी घड्याळांची टिकटिक ऐकण्यात गेलेला माणूस तो, त्याला धाकटीची कुजबुज म्हणजे भाषणच.

त्यांनी फळीवरून एक जुनं, प्रवासात न्यायचं गजराचं घड्याळ काढलं. त्याच्या डोक्यावर कानांसारख्या दोन पितळी वाट्या होत्या, अर्ध्या अक्रोडाएवढ्या. त्यातली एक सोडवली, आत छोटासा लोळा बसवला आणि धाकटीच्या हातात ठेवली. तेव्हापासून धाकटी अंगणात टिणटिण करते आणि कोंबड्या सैरावैरा धावत येतात. त्या दिवशी ती रडली होती. “ताई,” माझ्या कानाशी म्हणाली, “मी बोलावलं की कोणीतरी येतं.”

त्यानंतर तिचं घड्याळ फारच वारंवार बिघडू लागलं आणि त्या दुकानात जाऊ लागलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मला महिनाभरात सगळं कळलं.

तर प्रश्न असा होता, की घरातल्या मांजरापासून परसातल्या कोंबड्यांना धोका असतो की नसतो? बेकरीवाला म्हणाला असतोच, त्याच्या आतेभावाच्या म्हणे सगळ्या कोंबड्या एका मांजरीने फस्त केल्या. खोदून विचारल्यावर ती मांजर नव्हती, कोल्हा होता, असं निघालं. भाचा फोनवर म्हणाला, “आई, मांजर ते मांजर. आधी गोड बोलतं.” त्याला मांजर म्हणायचं होतं की घड्याळजी, ते मी विचारलं नाही. घड्याळजी छातीवर हात ठेवून सांगत, “साहेबाने आजवर माशी मारली नाही.” यावर मी म्हटलं, “उंदराला मांजर साक्ष,” आणि ते दुखावले.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, “मोठ्या कोंबडीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. पिल्लांची मात्र खात्री देता येत नाही. पिल्लं जाळीखाली ठेवा, बोक्याचं पोट भरलेलं ठेवा आणि पहिल्या भेटीत लक्ष ठेवा. सवय होईल.”

इतकं साधं उत्तर मिळालं की मला संशय येतो. आणि पिल्लं तर नेमकी होतीच. तांबड्या कोंबडीने नुकतीच अंडी उबवली होती. धाकटीने पडवीत जाळी लावली, वर वजन ठेवलं, तरी तिचा चेहरा उतरलेलाच. मग मी वैतागून घड्याळजींना म्हटलं, “एवढं आहे ना, मग बांधा मांजराच्या गळ्यात घंटा! तो आला की कोंबड्यांना कळेल आणि त्या पळतील.”

मी टोमणा मारला होता. पण घड्याळजींना टोमणा कळत नाही, त्यांना काम कळतं. ते लगबगीने दुकानात गेले.

रविवारी सकाळी साहेबांची स्वारी झाकणाच्या टोपलीतून आली. मी हुकूम काढला होता की भेट होईपर्यंत दाणे टाकायचे नाहीत. खाऊन सुस्तावलेल्या कोंबड्यांना शत्रू कसा दिसणार, असा माझा विचार. त्यामुळे कोंबड्या उपाशी होत्या आणि अंगणभर कुरकुरत होत्या. सगळ्यात पुढे हेडबाई. ही आमची काळी, जाडजूड कोंबडी. बाकीच्यांना ती एका नजरेने रांगेत उभं करते.

घड्याळजींनी टोपली खाली ठेवली. नवा सदरा, चेहऱ्यावर घाम. “एक गंमत केलीय,” ते धाकटीला म्हणाले. “तुमच्या घंटीची जोडीदारीण उरली होती ना? म्हटलं, एक तुमच्याकडे आहे, दुसरीही याच घरात यावी.”

धाकटी आधी लाजली. मग तिचे डोळे मोठे झाले. तिने हात वर केला, काहीतरी बोलली, पण मी तिच्यापासून लांब होते आणि घड्याळजी झाकण उघडण्यात गुंग होते.

साहेब बाहेर आले. मागचे पाय ताणले, अंगणाकडे एक तुच्छ नजर टाकली आणि पाऊल पुढे टाकलं.

टिण.

सगळ्या कोंबड्यांच्या माना एकदम वर झाल्या.

आणि तेव्हा, अगदी तेव्हा, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती घंटी मी रोज सकाळी ऐकते! पण रोजचं ऐकलेलं कानात शिरतं कुठे? एकाच घड्याळाच्या दोन वाट्या, एकच आवाज, आणि कोंबड्यांच्या भाषेत त्या आवाजाचा एकच अर्थ, ‘जेवायला या’.

हेडबाईने पंख पसरले आणि धाव घेतली. तिच्यामागे बाकीच्या, एकमेकींना तुडवत. साहेबांनी जन्मात कोंबडी पाहिली नव्हती, पाहिली ती अशी, पिसारलेली, चोच उघडलेली, घाऊक. त्यांनी उडी मारली. टिणटिण! कोंबड्यांना वाटलं, दाणे वाढले. साहेब जितके जोरात पळत, तितकी घंटा जोरात वाजे, आणि घंटा जितकी जोरात वाजे तितक्या कोंबड्या चवताळत. साहेबांना पळता भुई थोडी झाली. वाळत घातलेल्या चादरीतून गेले, पाण्याच्या पिंपामागून गेले, आणि शेवटी मधल्या दारातून थेट माझ्या शिवणखोलीत.

तिथे बेकरीवाल्याचे पांढरेशुभ्र एप्रन शिवून, इस्त्री करून ठेवलेले होते. त्यावरून बोका गेला. मग हेडबाई गेली. मग सगळ्या गेल्या. कोंबडी घाबरली किंवा खूश झाली की काय करते ते मी इथे लिहीत नाही, पण त्या दिवशी त्या दोन्ही झाल्या होत्या. साहेब खिडकीतून बाहेर, भिंतीवर, आणि भिंतीपलीकडे दिसेनासे झाले.

अंगणात फक्त पिसं तरंगत राहिली. पडवीत तांबडी कोंबडी जाळीमागे फुगून बसली होती आणि पिल्लं तिच्या पोटाखालून डोकी काढून बघत होती. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

घड्याळजी रिकामी टोपली छातीशी धरून उभे होते. तोंड पांढरं पडलेलं. “आपण सगळे चुकीचाच प्रश्न विचारत होतो,” ते म्हणाले. “धोका त्याला होता.”

धाकटी माझ्याजवळ आली आणि माझ्या कानाशी बोलली. मी दोन्ही हातांत घाण झालेले एप्रन घेऊन उभी होते, डोकं तापलेलं. मी मोठ्याने सांगितलं, “ती म्हणते, एवढा नाजूक बोका असेल तर काचेच्या कपाटात ठेवायचा!”

घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. “ताई,” ते हळूच म्हणाले, “त्या असं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘आधी त्याला शोधू या.’ मी ऐकलं.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. धाकटीने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. ती त्यांच्यासोबत बाहेर पडली.

दिवसभर दोघं शोधत होती. ते गल्लीगल्लीत हाका मारत होते, ही प्रत्येक गाडीखाली वाकून बघत होती. संध्याकाळी परत आली तेव्हा घड्याळजी उंबऱ्यातच थांबले. “मी आत येत नाही,” ते म्हणाले. “तो सापडला नाही, तर मला या घरात राहता येणार नाही. तुमच्यावर राग नाही माझा. पण सकाळी त्या कोंबड्या दिसतील आणि मला बायकोची आठवण येईल, वाटेल, की तिचं शेवटचं माणूस मी सांभाळू शकलो नाही.”

धाकटीने मान हलवली. तिने त्यांना अडवलं नाही. रात्रीचं जेवण तिने तसंच ठेवलं. मी माफी मागायला दारात गेले, तर आयुष्यात पहिल्यांदा मधलं दार लोटलेलं होतं. कडी नव्हती, नुसतं लोटलेलं. तरी मला ते ढकलवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांनी दाण्यांकडे पाठ फिरवली. धाकटीने मूठ भरून टाकले तरी त्या बेकरीच्या बाजूच्या भिंतीशी गोळा झालेल्या, माना तिरक्या करून. मध्येच सगळ्या मिळून भिंतीवर उड्या मारायच्या, मग पुन्हा गप्प. मला वाटलं, कालच्या प्रकाराने यांची डोकी फिरली. धाकटी मात्र जागच्या जागी थांबली. तिने दाण्यांची परात खाली ठेवली आणि अशी धावत सुटली की तिची एक चप्पल अंगणातच राहिली.

बेकरीच्या मागे सरपणाची खोली आहे. धाकटी तिथे पोचली होती, आणि आतून बारीक टिणटिण येत होती. मी घड्याळजींना बोलावून आणलं. खोलीच्या कोपऱ्यात, रचलेल्या लाकडांच्या मागे, दोन डोळे चमकत होते. साहेबांच्या गळ्यातला पट्टा एका ढलपीत अडकला होता. सुटायला ओढ घेतली की घंटा वाजे, घंटा वाजली की ते दचकून आणखी ओढ घेत. रात्रभर हेच चाललं असणार. मला एकदम भरून आलं. आदल्या दिवशी एप्रनसाठी मी याचा जीव घ्यायला निघाले होते.

“थांबा, मी लाकडं उपसतो!” बेकरीवाला गरजला. त्याचा आवाज भट्टीसमोर बोलून बोलून मोठा झालेला. साहेब फिसकारले आणि पट्टा आणखी आवळला.

“उपसू नका, ढीग अंगावर पडेल!” मी ओरडले.

“साहेबा, ये बाळा, ये!” घड्याळजी गुडघ्यांवर बसून कळवळून हाका मारत होते. त्यांचा आवाज फाटला होता. बोका त्यांनाही ओळखेना. त्यांनी हात पुढे केला तर त्याने बोचकारलं.

तेव्हा धाकटीने मागे वळून आम्हा दोघांकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. अशा नजरेने, की बेकरीवाला आणि मी, गल्लीतली दोन सगळ्यात मोठी तोंडं, एका झटक्यात मिटली.

ती लाकडांच्या फटीशी आडवी झाली आणि बोलू लागली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. नुसता श्वासाचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबणारा. बोक्याने आधी कान मागे पाडले. मग एक कान पुढे केला. मग ओढ सैल केली. ती बोलतच राहिली. घड्याळजींनी खिशातून त्यांचा बारीक पेचकस काढला, तिच्या खांद्यावरून हात आत घातला आणि पट्ट्याला स्वतःच बसवलेला स्क्रू अंदाजानेच सोडवायला घेतला. त्यांचा हात जराही हलत नव्हता. मी कंदिलासारखा मोबाईलचा उजेड धरून उभी होते आणि एक शब्द बोलत नव्हते. याची साक्ष बेकरीवाला देईल.

पट्टा सुटला. साहेब लाकडांतून सरपटत आले आणि घड्याळजींच्या कुशीत न जाता आधी धाकटीच्या पदराखाली घुसले. घड्याळजींनी ते पाहिलं आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे, चष्मा कपाळावर ढकलून.

थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं. “मला खोटं बोलता येणार नाही,” ते धाकटीला म्हणाले. “मोठ्या कोंबड्यांना तो काही करणार नाही, उलट त्याच जन्मभर त्याला धाकात ठेवतील. पण पिल्लांचं मी वचन देऊ शकत नाही. एखाद्या दिवशी जाळी उघडी राहिली, तर… शेवटी मांजर आहे तो.”

धाकटीने बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला. लाकडाचा भुसा झटकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. तिने घड्याळजींकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. बराच वेळ म्हणत होती. मी जेमतेम हातभर अंतरावर होते, कान टवकारून, तरी मला एक अक्षर कळलं नाही. घड्याळजींना मात्र सगळं ऐकू गेलं असावं. ते आधी हसले, मग परत रडले, मग मान हलवून म्हणाले, “चालेल. आजच येतो.”

बेकरीवाल्याला धीर निघेना. त्याने सवयीने माझ्याकडे वळून विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा सांगता येण्यासारखं काही नव्हतं, आणि घालायला झालरही नव्हती.

“मला काय विचारता?” मी म्हटलं. “तिला विचारा. आणि जरा जवळ जाऊन ऐका.”